आजीचा आवाज आणि बाकीचा गोंगाट

दोस्तांनो, हे पान पुढे वाचण्याआधी एक काम करा. घड्याळ समोर ठेवून फक्त एक मिनिट डोळे मिटून बसा आणि किती आवाज ऐकू येतात ते मोजा. झालं? किती भरले? तीन? चार? आता पुन्हा एकदा बसा. या वेळी आठ-दहा नक्की भरतील! फ्रिजची घूं घूं, नळाचा थेंब, घड्याळाची टिकटिक, शेजारची मालिका, लांबवरचं कुत्रं... अहो, हे सगळे आवाज मघाशीही होतेच की! मग ते गेले होते कुठे?

कुठेच गेले नव्हते. कानांनी ते इमानेइतबारे आत पोचवले होते, पण ‘हे आपल्या कामाचं नाही’ असं म्हणून मेंदूने त्यांना दारातच थोपवलं होतं. मोबाइलच्या मायक्रोफोनला मेंदू नसतो. येईल तो आवाज तो बिचारा पदरात घेतो. म्हणूनच घरी रेकॉर्ड केलेली कविता किंवा भाषण नंतर ऐकलं, की आपण डोळे मोठे करून विचारतो, “एवढा गोंगाट आला कुठून?”

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वडनेर.

वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं गाव. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जातो. पूर्वी त्याला ७ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता तो ४४ नंबरचा आहे. माझी धाकटी बहीण तिथे राहते. संक्रांतीनंतर तिच्याकडे गेलो होतो. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो, तोच भाचा आणि भाची मोबाइल घेऊन समोर हजर!

“मामा, याच्यातला डीजे काढून द्या न!”

मी ऐकलं. कुणाच्या तरी हळदीची संध्याकाळ होती. डीजेचा धडधडाट चालला होता आणि त्याच्या मागे, खूप मागे, एक म्हातारा आवाज काहीतरी गात होता. चाळीस सेकंद, बस्स. तो आवाज होता मोठ्या आजीचा, म्हणजे मुलांच्या आजीच्या थोरल्या जावेचा. गेल्या दिवाळीत ती वारली. दोघी जावा जात्यावर समोरासमोर बसून ओव्या म्हणायच्या. मोठ्या आजीच्या आवाजाचं घरात एवढंच रेकॉर्डिंग उरलं होतं.

राजहंस सापडला नाही

मी संध्याकाळभर खटपट केली. माझ्या लॅपटॉपवर ‘ऑडॅसिटी’ नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. २००० सालापासून तो लोकांच्या हातात आहे. तो आवाजाच्या बारीक बारीक पट्ट्या पाडतो, अगदी खर्जापासून ते तार स्वरापर्यंत. मग नुसता गोंगाट असलेला एखादा तुकडा आपण त्याला दाखवायचा. कोणत्या पट्टीत किती गोंगाट आहे, याची तो नोंद करतो आणि जिथे आवाज तेवढ्याच पातळीवर उतरतो, तिथे तो दाबून टाकतो. पंखा किंवा फ्रिज यांचा आवाज एकसारखा असतो, म्हणून तो छान दबतो. पण डीजे? तो तर क्षणाक्षणाला बदलतो! शिवाय मोठ्या आजीचा आवाज ज्या पट्ट्यांत, त्याच पट्ट्यांत डीजेही मांडी ठोकून बसलेला. त्याला दाबलं की तीही दबायची. शेवटी ती विहिरीच्या तळाशी बसून गातेय, असं वाटायला लागलं.

मग एक नव्या पद्धतीचा प्रोग्रॅम लावून पाहिला. अशा प्रोग्रॅमांना माणसांचे ढीगभर आवाज ऐकवून ‘शिकवलेलं’ असतं. त्यातून आवाज बऱ्यापैकी स्वच्छ निघाला. मी खुशीत भाचीला हाक मारली. तिने दोनदा ऐकलं आणि मान हलवली.

“मामा, हे मोठी आजी नाई वाटत.”

पोरीचं खरं होतं. जिथे आवाज पार बुडालेला होता, तिथे त्या प्रोग्रॅमने अंदाजाने भर घातली होती. राजहंस म्हणे दूध आणि पाणी वेगळं करतो. आमच्या कॉम्प्युटरमधला राजहंस पाण्याबरोबर दूधही टाकत होता आणि वर स्वतःच्या पदरचं थोडं दूध ओतत होता!

सगळे गप्प झाले. मग भाचाच म्हणाला, “पण आपली आजी आहे न!”

आधीचा उपाय

इथे एक गंमत सांगतो. कॅसेटच्या जमान्यात टेपचीच एक ‘सूं’ अशी खरखर असायची. ती कमी करण्याची नामी युक्ती रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनियरने काढली. हे गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्या भारतात होते. १९६५ मध्येच त्यांनी लंडनला आपली कंपनी काढली. त्यांची युक्ती अशी : बारीक आवाज टेपवर जाण्याआधीच मोठे करायचे आणि ऐकताना पुन्हा तेवढेच लहान करायचे. लहान करताना टेपची खरखरही आपोआप दबते! गोंगाट कमी करणाऱ्या या माणसाचं नाव आपण कशाला दिलं ठाऊक आहे ना? मिरवणुकीत खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला आपल्याकडे बरेच लोक ‘डॉल्बी’ म्हणतात!

पण त्यांच्या युक्तीतलं शहाणपण लक्षात घ्या. खरखर टेपवर बसण्याआधीच त्यांनी निम्मं काम उरकलं होतं. आम्हीही तेच करायचं ठरवलं.

आजीला विचारलं. ती म्हणाली, “माह्या ववीले कोन आयकते बाप्पा? बरं, पोट्टे म्हनतेत त म्हनतो.”

एक वीत अंतर

पहिल्या रात्री साडेनऊ वाजता बसलो. गाव निजलं की शांतता असते, असा आमचा हिशेब. मोबाइल कोनाड्यात उभा केला. आजी खाटेवर, म्हणजे मोबाइलपासून सुमारे दोन मीटरवर. रेकॉर्डिंग ऐकलं तर आजी लांब आणि हायवेवरचे ट्रक जवळ!

दोन चुका झाल्या होत्या. पहिली चूक अंतराची. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की मायक्रोफोनपर्यंत पोचणारी आवाजाची ऊर्जा चौपट होते. २०० सेंटिमीटरवरून १०० वर या : चौपट. १०० वरून ५० वर : सोळापट. ५० वरून २५ वर, म्हणजे साधारण एका वितीवर या : चौसष्टपट! खोलीत भिंतींमुळे हा हिशेब थोडा ढिला पडतो, पण फरक मोठाच राहतो. आणि गंमत म्हणजे हायवे तेवढाच लांब राहतो. त्याचा आवाज काही वाढत नाही. पैसा नाही, यंत्र नाही, नुसतं जवळ जायचं. गोंगाटावरचा याच्याइतका गुणकारी दुसरा उपाय मला माहीत नाही.

पण जवळ म्हणजे तोंडासमोर नव्हे हं! तळहात तोंडासमोर धरून ‘फणस’, ‘भाकरी’, ‘पापड’ म्हणून पाहा. हवेचा फटका बसतो की नाही? तोच मायक्रोफोनला बसला की ‘फट्’ असा आवाज येतो. म्हणून मोबाइल तोंडाच्या जरा बाजूला, गालाच्या रेषेत धरायचा. मायक्रोफोन बहुतेक मोबाइलला खालच्या कडेला असतो. ती कड बोलणाऱ्याकडे करायची. तिथलं छिद्र बोटाने झाकत नाही ना, तेही बघायचं.

दुसरी चूक वेळेची. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची जरा ऊबदार, असा उलटा प्रकार होतो. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर ऐकू जातो. म्हणून तर लांबची रेल्वेची शिटी रात्री जवळ वाटते. दुपारी ऊन्हाने जमीन तापली की आवाज वरच्या दिशेला वळतो. म्हणजे हायवेच्या बाबतीत दुपारच बरी!

दुसऱ्या दिवशी आम्ही घरातल्या आवाजांची यादी केली. तुम्ही सुरुवातीला केलीत तश्शीच. तिचे तीन भाग पाडले. बंद करता येणारे : फ्रिज, टीव्ही, टपकणारा नळ, भिंतीवरचं घड्याळ, मोबाइलची टिंगटिंग. ज्यांच्यापासून दूर जाता येईल असे : रस्त्याकडची खिडकी, कोंबड्यांचं खुराडं. आणि ज्यांच्या थांबण्याची वाट पाहायची असे : पीठगिरणी, शेजारची मोटार, शाळा सुटल्यावरचा दंगा. दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ नक्की झाली. मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर टाकला. फ्रिज बंद केला आणि तो पुन्हा सुरू करायचा विसर पडू नये म्हणून भाच्याने सायकलची किल्ली त्याच्या बटणाजवळ टांगून ठेवली. किल्लीशिवाय सायकल नाही आणि बटणाशिवाय किल्ली नाही! युक्ती छान आहे, लिहून ठेवा.

कापसाच्या खोलीत

राहिला प्रश्न जागेचा. घराला वर टिनाचं छप्पर, खाली फरशी, भिंती कोऱ्या. अशा खोलीत टाळी वाजवली की ती घुमते. आवाज भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परत येतो आणि शब्द एकमेकांत कालवले जातात.

भाची म्हणाली, “मामा, कापसाच्या खोलीत?”

वा! या भागात कापूस वेचून घरी आला की भाव बरा मिळेपर्यंत शेतकरी तो घरातच रचून ठेवतात. बहिणीकडेही एक खोली अर्धी कापसाने भरलेली होती. आत जाऊन टाळी वाजवली. नुसती ‘टप्’! घुमणं नाही, काही नाही. कापसाच्या लाखो तंतूंमध्ये हवा असते. आवाज आत शिरला की ती हवा तंतूंना घासत राहते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशा उष्णतेत विरून जाते. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंच्या भिंतींनाही असंच काहीतरी सच्छिद्र, मऊ लावलेलं असतं. वडनेरच्या घरात तो स्टुडिओ फुकट मिळाला. (पण ध्यानात ठेवा : कापसाजवळ दिवा, उदबत्ती, काडेपेटी किंवा चार्जिंगची वायर अजिबात न्यायची नाही! आणि कापसावर लोळायचंही नाही, अंगाला खाज सुटते.)

चादर अंथरून आजीला बसवलं. “पाहा वं बाई, हे पोट्टे मले कापसात बसवून राह्यले!” असं म्हणून ती हसली. मोबाइल गालापासून एका वितीवर. पहिली दहा सेकंदं सगळे चिडीचूप. मग खूण केली.

आजीने एक ओवी म्हटली. दुसरी म्हटली. आवाज असा स्वच्छ, की मी मनात स्वतःची पाठ थोपटली. तिसरीच्या मध्यावर आजी थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबली.

“काऊन थांबली आजी?”

“जातं नाई त ववी कायची रे? हात फिरला का तोंडात येते. नुसतं बसून मले नाई आठवत.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गोंगाट म्हणून आम्ही पहिल्यांदा काय बाजूला काढलं होतं? जातं!

ओवी आणि घरघर

मला तेव्हा एक मोठं काम आठवलं. पुण्यात राहून काम करणारे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गी पॉइत्व्हँ मूळचे फ्रान्सचे. १९९० नंतरच्या वर्षांत बर्नार बेल हे त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइत्व्हँ २००४ मध्ये वारले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवायला सुरुवात केली. अशा ओव्या गाणाऱ्या बायकांपैकी किती जणींचा आवाज त्याआधी कुणी जपून ठेवला असेल? पीठगिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या ओठांतच राहिल्या. जात्यावरच्या ओव्या असं नाव आहे खरं, पण आम्ही त्या जात्याशिवाय मागायला गेलो होतो!

तेव्हा गोंगाट म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. डीजे गोंगाट होता, फ्रिज गोंगाट होता. जात्याची घरघर मात्र ओवीचा ठेका होती. ती घालवायची नव्हती, फक्त तिला आजीच्या पुढे जाऊ द्यायचं नव्हतं.

जातं होतं पडवीत. मग कापसाच्या खोलीत शिकलेला धडा पडवीत नेला. दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या आणि एक जाड सतरंजी तीन बाजूंना लटकवली. जात्यात मूठमूठ ज्वारी घालत राहायचं ठरलं, कारण रिकामं जातं दगडावर दगड घासून कर्कश ओरडतं. दाणे असले की आवाज मऊ होतो. मोबाइल जमिनीवर ठेवायचा नव्हता. जात्याची थरथर फरशीतून थेट त्याच्यात शिरली असती. हातातही धरायचा नव्हता, बोटांची करकर येते. म्हणून खुर्चीच्या चारही पायांखाली घडी घातलेली गोधडी ठेवली आणि खुर्चीच्या पाठीला मोबाइल फडक्याने बांधला. आजी उजव्या हाताने दळते, म्हणून खुर्ची डाव्या बाजूला. दळताना ती मागेपुढे झुलते, तेव्हा झोक्याच्या बरोबर मध्यावर मोबाइल आला पाहिजे. चार वेळा सरकवावा लागला. शेवटी तोंडापासून एक वीत आणि जात्यापासून दीड हात, असं माप बसलं. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकलं, मगच पुढे गेलो. आधी ऐकून पाहण्याचा कंटाळा करू नका, दोस्तांनो. सगळं झाल्यावर चूक कळली तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा तेवढे कष्ट कसे द्यायचे?

आणि मग काय सांगू! जातं फिरलं तशी आजीही सुरू झाली. मघाशी जी तिसऱ्या ओवीला अडखळत होती, तिने तेवीस ओव्या म्हटल्या. माहेरच्या, भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या. तेविसावी म्हणून ती थांबली आणि म्हणाली, “हे माह्या जावेची व्हय. ते म्हने, मी नुसती झेलो.”

मोठ्या आजीची ओवी! भाचीने माझा हात घट्ट धरला. पण त्याच ओवीच्या मध्ये हायवेवरून एका ट्रकने लांबलचक भोंगा मारला होता. आम्ही आजीला विनंती केली, तिने ओवी पुन्हा म्हटली. दुसऱ्या वेळी एक-दोन शब्द वेगळे आले. “अशीबी म्हने ते,” आजी म्हणाली. आम्ही दोन्ही ठेवल्या. भोंगाही ठेवला.

मग कॉम्प्युटर

रात्री मी फक्त दोन गोष्टी केल्या. एक, मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवली. तिला हातही लावायचा नाही, जे करायचं ते दुसऱ्या प्रतीवर. दोन, ८० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळला. बाईमाणसाच्या आवाजाचा पाया साधारण १६५ हर्ट्झच्या वर असतो. त्याच्या बऱ्याच खाली ट्रकची घरघर असते, विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा गुंजारवही तिथेच असतो. तो भाग गेला तरी आजीचं काही जात नाही. सुरुवातीची दहा सेकंदं आठवतात? तो ‘नुसत्या शांततेचा’ तुकडा कॉम्प्युटरला दाखवून उरलेली सूं अगदी थोडी दाबली. जास्त दाबली असती तर ओवीचा शेवटचा लांबवलेला सूरच पुसला गेला असता. मोबाइलमधलं ‘गोंगाट आपोआप काढा’ असं बटण आम्ही आधीच बंद केलं होतं. त्याला जात्याचा आवाज शत्रू वाटला असता!

आणखी एक. हे रेकॉर्डिंग कुणाला पाठवायचं, हे आजीला विचारून ठरवलं. आवाज तिचा, हुकूम तिचा. तिने सांगितलं, घरच्यांना द्या, आणि मोठ्या आजीच्या लेकीला आधी द्या.

त्या चाळीस सेकंदांचं काय? तो तुकडाही भाचीने जसाच्या तसा ठेवला आहे, डीजेसकट.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्याही घरात कुणीतरी आजी, आजोबा, आत्या असतील. कुणाला ओव्या येत असतील, कुणाला भुलाबाईची गाणी, कुणाला बैलांना हाकायची आरोळी, कुणाला गिरणीतल्या संपाची हकिगत. या रविवारी डोळे मिटून एक मिनिट बसा, घरातल्या आवाजांची यादी करा, तिचे तीन भाग पाडा. गोधड्या बाहेर काढा. मोबाइल एक वीत अंतरावर आणा. आणि सुरू करण्याआधी त्यांनाच विचारा, की गाताना, बोलताना त्यांच्या हाताशी काय लागतं.

जमलं की कळवा. आणि हो, फ्रिजचं बटण पुन्हा सुरू करायला विसरू नका, नाहीतर आई माझ्या नावाने शंख करील!